आयत्या मासवड्या

(२००३. महाळुंगे पडवळ. सव्वीस जानेवारीची सकाळ. ओसरीवर बयाबाई, त्यांची सून शालन आणि दहा वर्षांची नात हर्षाली.)

हर्षाली : खरंच आजी! चंद्रावर गेलेल्या माणसानं तिथं गोल्फचा चेंडू टोलवला. गुरुजींनी मला आज माईकवर असलंच सगळं सांगायला लावलंय.

बयाबाई : आन् तो आणायला कोण गेलं?

हर्षाली : कुणीच नाही. अजून तिथंच पडलाय.

बयाबाई : काय ही उधळपट्टी! आपली पोरं हिरीत पडलेली विटीसुदिक काढत्यात. दुसरं सांग.

हर्षाली : बास्केटबॉल निघाला ना, तेव्हा फळांच्या टोपल्या टांगल्या होत्या. बूड असलेल्या! चेंडू आत पडला की शिडी लावून काढायचा, मग पुढचा खेळ.

शालन : आन् बूड कापायचं कुणाच्या ध्यानात आलं न्हाई?

हर्षाली : कितीतरी वर्षं नाही!

बयाबाई : घरातल्या बाईला इचारलं नसंल.

हर्षाली : आता तुमच्या खेळाचं. रस्सीखेच पूर्वी ऑलिंपिकमध्ये होती!

बयाबाई : दोरी ओढायची? मंग माझं सोन्याचं पदक हुकलंच म्हणायचं. दर सव्वीस जानेवारीला सासवा ह्या टोकाला, सुना त्या टोकाला, आन् दर साली सुना तोंडघशी. हरंल त्यानं मासवड्या करायच्या आन् जिंकंल त्यानं मांडी घालून खायच्या. मी तर कायम मांडी घालूनच!

शालन : आत्याबाई, एकदा तरी आयत्या मासवड्या खायची लई विच्छा हाय. खोबरं भाजून भाजून हात काळं झालं आमचं.

बयाबाई : मंग ओढ की जोर लावून! नाय कोण म्हनतंय?

हर्षाली : आणि गंमत म्हणजे, ह्या खेळात मागं मागं जाणाराच जिंकतो.

बयाबाई : मंग तुझी आई पहिली यायला पायजे. लग्न झाल्यापास्नं मागंच सरती.

हर्षाली : कशी येईल? ऑलिंपिकमध्ये दोन्ही हातांनी ओढायचे.

बयाबाई : आन् हितं काय पायानं ओढत्यात?

शालन : हर्षे, गप बस.

हर्षाली : आईच्या बाजूला सगळ्या एकाच हातानं ओढतात. दुसरा हात डोक्यावरच्या पदराला.

बयाबाई : शालन, ही खरं बोलती?

शालन : समोर तुमी असता. मामंजी म्होरंच खुर्चीवर बसल्यालं. पदर घसरला तर लोक म्हनतील, बयाबाईच्या सुनंला काय रीतभात हाय का न्हाई.

बयाबाई : मंजी इतकी सालं मी एका हाताच्या बायांना हरवत व्हते? आन् पार घोडेगावच्या बाजारापतुर सांगत हिंडले, बयाबाईच्या मनगटात अजून जोर हाय म्हणून!

शालन : वाईट वाटलं व्हय तुमाला?

बयाबाई : राग आलाय मला! फुकटच्या मासवड्या हादडल्या मी. ऊठ, चल शाळंच्या मैदानावर. आज बघतेच.

हर्षाली : थांबा, मी पुढं पळते. माईक मला पाहिजे!

शालन : आत्याबाई, जरा दमानं. एवढं पायात वारं भरल्यागत का निघालाय?

हर्षाली : हॅलो, हॅलो! सगळ्यांनी बसून घ्या. डाव्या बाजूला सासवा, उजव्या बाजूला सुना. दोरी धरा! आजी, तू कुठं चाललीस? रेघ ओलांडायची नाही!

बयाबाई : गप गं. शालन, हिकडं फिर. हा पदर असा खांद्यावरनं घेतला, आन् हा कमरंला खोचला. गच्च. झुंबरबाई, बघत काय उभी राहिलीस? तुझ्या सुनंचा तू खोच!

शालन : आत्याबाई, मामंजी बघत्यात!

बयाबाई : अवो, ऐकलं का! एक तर खुर्ची तिकडं फिरवा, न्हाईतर टाळ्या वाजवा.

हर्षाली : हॅलो! आजोबा टाळ्या वाजवतायत!

बयाबाई : आता लाव दोन्ही हात. आन् माझी दया केलीस तर घरात घेणार न्हाई, सांगून ठेवते.

हर्षाली : एक, दोन, तीन... ओढा! सुना मागं गेल्या! म्हणजे पुढं आहेत! म्हणजे मागं जातायत म्हणून पुढं आहेत! आई, टाच रोव! आजी, सोडू नको! अगं बाई, आजी पडली! झुंबरआजी पण पडली! सगळ्याच सासवा पडल्या! सुना जिंकल्या! सुना जिंकल्या!

शालन : आत्याबाई! लागलं का कुठं? हात द्या.

बयाबाई : थांब, आधी हसू दे. काय वडलं गं तुमी! शर्यतीच्या घाटात बैलगाडा सुटल्यागत!

हर्षाली : आजी, हरल्यावर एवढं कुणी हसतं का?

बयाबाई : आज खरी हरले, पोरी. लई बरं वाटलं. चला, तीळ-खोबरं भाजायला घेते. रस्सा झणझणीत करते आज.

शालन : तुमी बसा, मी करते की.

बयाबाई : तू मांडी घालून बस. आन् शालन, तुला तिखट कितपत लागतं गं? इतकी सालं झाली घरात येऊन, कधी इचारलंच न्हाई.