पनामाची चारी

गोरक्षनाथ : हातभर चारीसाठी एवढा इचार, वहिनी? माझ्या उसाला पानी न्यायचंय तुमच्या रानातनं. रान उचलून न्यायचं न्हाई!

राहीबाई : बसा भावजी. आमच्या विजूची उद्या कॉलेजात परीक्षा हाय. वाच गं, मोठ्यानं. काकालाबी कळू दे.

विजयमाला : एकोणीसशे तीन. पनामा कोलंबियाच्या ताब्यात होता. अमेरिकेला तिथून जहाजांसाठी कालवा काढायचा होता. कोलंबिया ऐकेना, म्हणून अमेरिकेनं पनामाला वेगळं व्हायला मदत केली. लढाऊ जहाजं आणून उभी केली.

राहीबाई : म्हंजी तुमी मला थोरल्या भावजींकडनं वाटनी काढून दिली, तसंच की. आठ गडी काठ्या घिऊन बांधावर उभं केल्तं. लई उपकार.

गोरक्षनाथ : मग! माझा भाऊ गेल्यावर तुमच्या बाजूनं दुसरं कोन आलं?

विजयमाला : पुढं पंधरा दिवसांत करार झाला. कालव्यासाठी दहा मैल रुंद पट्टी, कायमची.

राहीबाई : कायमची? नि तुमी चारीचा कागद आनलाय, त्यात किती रुंद लिवलंय, भावजी?

गोरक्षनाथ : दहा हात. कडेनं गाडी जाया नको?

राहीबाई : मघाशी हातभर हुती. बसल्या बसल्या वाढली.

गोरक्षनाथ : ह्या दुष्काळात रेशनवरची अमेरिकेची मिलो ज्वारी खाताय, नि तिलाच नावं ठेवताय!

राहीबाई : खाते की. लाल भाकर गिळताना उपकार बराबर घशात अडकत्यात.

गोरक्षनाथ : तुमी श्रीरामपूरला कचेरीत येऊबी नका. बाईमानसाला कशाला तरास? तुमच्या वतीनं मीच सही करतो.

विजयमाला : पनामाच्या वतीनं एका फ्रेंच माणसानं केली होती, काका. पनामाची माणसं पोचेपर्यंत करार होऊनही गेला.

राहीबाई : अगं बया! त्यालाबी पनामाचा लई कळवळा असंल. मग ती पट्टी परत कधी मिळाली?

विजयमाला : (पानं उलटत) सत्तर वर्षं झाली. अजून नाही.

राहीबाई : हिच्या बापामागं दोनच एकर ऱ्हायलंय, भावजी. जीव तुटतो माझा त्याच्यावर.

गोरक्षनाथ : बघा हां. उद्या थोरल्यानं बांध रेटला, तर माझ्या दारात येऊ नका.

राहीबाई : न्हाई येनार. विजे, काकाला च्या टाक.

गोरक्षनाथ : म्हंजी कागद करायचा?

राहीबाई : पनामाला कुनी इचारलंच न्हाई. तुमी घरी येऊन इचारलंत, म्हनून च्या. चारी न्हाई.