धाकाचा अर्धा धडा

राज्यशास्त्र शिकून कोणाचं काय भलं झालं, असं विचारता ना? मग विलासचं ऐका.

ऐंशीच्या दशकात मी चंद्रपूरला कॉलेजात शिकवायचो. माझा जुना विद्यार्थी विलास माजरीकडच्या एका कोळसा खाणीत कामगारांच्या टोळीचा प्रमुख झाला. भेटायला आला तो काळजीतच. "सर, समदे वयानं मोठे आहेत. ऐकतीन का माह्यं?"

मी त्याला इटलीतल्या एका जुन्या विचारवंताचं मत सांगितलं. लोकांचं प्रेम आणि धाक दोन्ही मिळाले तर उत्तम, पण एकच मिळणार असेल तर राजानं धाक निवडावा. विलास खूश होऊन गेला.

तीन महिन्यांनी आला, तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता. खाणीचं छत कोसळलं होतं. माणसं थोडक्यात वाचली होती.

"टोळीतल्या जुन्या रहीमभाऊले छताचा आवाज आधीच आला होता, सर. पन माह्या भीतीनं बोलले नाईत. आता घरी जाऊन त्याईची माफी मागून आलो."

मला राहवलं नाही. म्हणालो, "अरे, त्याच विचारवंतानं पुढं लिहिलंय. राजानं जवळ चार शहाणी माणसं ठेवावीत, आणि त्यांना खरं बोलायची मोकळीक द्यावी."

"मंग तवा काऊन नाई सांगतलं?"

"परीक्षेत धाकावरच प्रश्न येतो रे."

त्यानं प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला.

"खाणीत दोन्हीवर प्रश्न येतो, सर."