नाक आबांचं, मग आतडं कुणाचं?

नाही, पण मला सांगा, मी बारसं नासवलं कुठे? पाळण्याला हात नाही लावला, पेढासुद्धा मुकाट खाल्ला, आणि दौलतदादा, माझा सख्खा थोरला भाऊ, अख्ख्या कल्याणात सांगत सुटलाय, "नंदाने माझ्या नातवाचं बारसं नासवलं."

तुम्हाला सांगते, गेल्या वर्षी मला आतड्याचा कॅन्सर निघाला. लवकर सापडला म्हणून आज उभी आहे आणि तोंड चालू आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या जीनमध्येच बिघाड आहे, आईवडिलांकडून आलेला, भावालाही असायची निम्मी शक्यता, त्याला तपासून घ्या. निम्मी! मी ठाण्याहून तडक दादाच्या दारात. तो सोफ्यावरून हललासुद्धा नाही. "आपल्या घरात असलं काही नाही."

अरे, मग मी कोण, शेजारची? आपले वडील, आबा, सत्तेचाळिसाव्या वर्षी कशाने गेले? "पोटाने." धाकूकाका? "पोटानेच, पण ते तिखट फार खायचे." गोदाआत्या? "तिला नजर लागलेली." तिघं पोटाने गेली, आणि आपल्या घरात असलं काही नाही! बरं, वहिनीने मला हळूच सांगितलेलं, याला स्वतःला चार महिने संडासला रक्त पडतंय. तर म्हणे, "उष्णता आहे गं, सब्जा घेतोय." सब्जा!

मग आलं बारसं. ठाकुर्लीचा हॉल, दीडशे माणूस, आणि पाळण्याभोवती वाटणी सुरू... "नाक बघा, हुबेहूब आबांचं." "कपाळ मात्र आमच्याकडचं हं," विहीणबाई. "आवाज धाकूकाकांचा." आणि दादा छाती काढून, "शेवटी रक्त कुणाचं आहे!"

रक्त म्हणाला तो. तिथे माझं डोकं फिरलं, नाव पुकारायला ठेवलेला माइक उचलला आणि म्हटलं, "नाक आबांचं, आवाज काकांचा, मग आबांचं आतडं कुणाच्या वाट्याला आलंय तेही बघा की!" विहीणबाई तेवढ्यात पुटपुटल्या, "आमच्या घरात असलं काही नाही." मी म्हटलं, "दादा, मला आबा आठवतात ते हार घातलेल्या फोटोतलेच. या पोराला आजोबा फोटोत दाखवायचा नाहीये मला. तपासून घे." रडले मी, माइकवर रडले, सगळ्यांनी ऐकलं. ऐकू दे.

तीन आठवडे दादा बोलला नाही. पण गेला, वहिनीने हाताला धरून नेला. जीन तोच निघाला. आतड्यात कॅमेरा घातला तर तीन कोंब, पॉलिप म्हणतात ते, त्यांचा कॅन्सर व्हायच्या आत काढून टाकले. वाचला माझा भाऊ! आभार मानेल म्हणता? परवा फोन... "नंदे, तुझी एकच गाठ होती ना? माझे तीन निघाले. आबांचं खरं माझ्यातच उतरलंय."

घे बाबा, तेही तूच घे. म्हटलं, आता तुझ्या राकेशलाही तपासायला हवं, बाळाच्या बापाला, त्यालाही निम्मी शक्यता. राकेशने बापाच्या हातातून फोन घेतला, आणि काय म्हणाला माहितीये? "आत्या, मी आईवर गेलोय."

मी एवढंच विचारलं, बाळाचं जावळ कधी काढताय? माइक मी घरून आणते.