वरच्या मजल्यावरचं खातं

मंडळी, शोभावहिनी,

मला भाषण येत नाही. मी हातानं काय केलं तेवढं सांगता येतं, म्हणून तिथूनच सुरू करतो. मधुकरभाऊंच्या जिनिंगचं फाटक मी केलं. चौदा फूट रुंद, दोन पल्ल्यांचं. कापूस ओढायचे सहा गाडे मी केले. गोदामाच्या अकरा कैच्या केल्या, म्हणजे टिनाखाली असतात ते लोखंडी त्रिकोण. त्यांच्या घरच्या जिन्याचा कठडा माझा. एकवीस सळ्या. बावीस बसत होत्या, पण मग अंतर सारखं राहिलं नसतं. आणि मोक्षधामातली ती लोखंडी चौकट, जिच्यावर मंगळवारी आपण भाऊंना ठेवलं, तीसुद्धा मीच केलेली आहे. तिची मापं घ्यायला भाऊ माझ्यासोबत आले होते. साडेसहा फूट पुरे म्हणाले, पांढरकवड्यात याच्याहून लांब माणूस नाही. मंगळवारी मी चौकटीचे सांधे पाहत उभा होतो. दुसरीकडे पाहवत नव्हतं.

इतकी माणसं आली. बाहेर उन्हात जे उभे आहेत त्यांनी आत या, उजव्या बाजूला सतरंजीवर जागा आहे.

मघाशी अध्यक्ष म्हणाले की भाऊंनी चाळीस वर्षं जिनिंग चालवली. एकतीस वर्षं. त्यातला शेवटचा हंगाम ती बंदच होती. भाऊ असते तर हे त्यांनीच उठून सांगितलं असतं, म्हणून मी सांगितलं. अध्यक्षांनी राग मानू नये.

आता मी जे बोलणार आहे ते काही जणांना विचित्र वाटेल. शोकसभेत बँकेचं काय काढलं, असं वाटेल. पण काल वहिनींनी मला घरी बोलावलं आणि विचारलं, "गजाननभाऊ, नागपूरच्या त्या ब्यांकेचं काय करू? ठेवू का मोडू? सोमवारी मॅडम येते सहीले." मी म्हटलं, वहिनी, एका शब्दात नाही सांगता येणार. उद्या सभेत बोललो तर चालेल का? त्या म्हणाल्या, बोला, त्याहींनी काय लपवलं होतं. आणि हायवेत ज्यांची शेती गेली, पैसा आला, त्यांच्यातल्याही तिघांनी मला या आठवड्यात हेच विचारलं. गजाननभाऊ, ते भाऊंसारखं खातं आपण घ्यावं का? फायद्याचं असते का?

भाऊंच्या खात्यात किती होते ते मी सांगणार नाही. तो आकडा माझा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जिनिंग विकल्यावर भाऊंना नागपूरच्या एका मोठ्या बँकेतून फोन आला. त्या बँकेत ठरावीक रकमेच्या वर पैसे ठेवले की तुम्ही वेगळे गिऱ्हाईक होता. रांग नाही, टोकन नाही. वरच्या मजल्यावर वेगळी खोली. तुमच्यासाठी एक माणूस नेमलेला, त्याला रिलेशनशिप मॅनेजर म्हणतात. तुम्ही फोन करायचा, काम तो करणार. इंग्रजीत त्याला प्रायव्हेट बँकिंग म्हणतात.

पहिल्या दिवशी भाऊ मला सोबत घेऊन गेले. अडीच तासांचा रस्ता. आत शिरलो तर दारातच टोकनचं मशीन. भाऊंनी बटन दाबलं, टोकन घेतलं आणि बाकावर जाऊन बसले. मी म्हटलं, भाऊ, आपल्याला वर बोलावलं आहे. म्हणाले, "नंबर तं येऊ दे ना बे." आमचा नंबर एकशे चौदा. चालू होता सत्त्याण्णव. शेजारी हिंगणघाटचा एक तुरीवाला बसला होता. पाच मिनिटांत भाऊंना त्याची तूर किती, ओल किती, जावई काय करतो, सगळं माहीत झालं. फोन गाडीत राहिला होता. चाळीस मिनिटांनी वरून एक मॅडम हातात फुलांचा गुच्छ घेऊन खाली आली. सगळीकडे पाहिलं. आमच्याकडेही पाहिलं, आणि सरळ एका सफारीवाल्याकडे गेली. तो बिचारा गुच्छ घ्यायला उठला सुद्धा. भाऊ बसल्या जागेवरून म्हणाले, "बाई, तो माहा असन."

हसा. भाऊ स्वतः ही गोष्ट सांगून हसायचे.

वर खोली थंड होती. मऊ कोच. बशीत काजू, मोजून नाही, भरपूर. मॅडमनं एक कार्ड दिलं, धातूचं. मी हातावर तोलून पाहिलं, चांगलं काम होतं, कडा नीट घासलेल्या होत्या. ती म्हणाली, सर, या कार्डावर विमानतळावर बसायला वेगळी जागा मिळते. भाऊंनी विचारलं, "पांढरकवड्याच्या बसस्टँडवर भेटते का?" मॅडम हसली नाही. तिनं खरंच कागदावर पाहिलं.

नंतर भाऊंनी कागदांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. मी सातवीपर्यंत शिकलो. वेल्डिंग बायपासवरच्या ट्रकवाल्यांचं पाहून शिकलो आणि इंग्रजी मोटारीच्या खोक्यांतून निघणाऱ्या कागदांवरून. पण एकदा वाचायला घेतलं की ओळ सोडत नाही. चार दिवस शब्दकोश घेऊन बसलो. सह्यांच्या सतरा जागा होत्या. नवव्या पानावर बारीक अक्षरात होतं की त्यांच्या गुंतवणूक योजनेत जी रक्कम टाकाल तिच्यावर दर वर्षी दीड टक्का कापला जाईल. नफा होवो की न होवो. मी भाऊंना दाखवलं. भाऊंनी मॅडमला फोन लावला. ती म्हणाली, सर, हे सगळ्यांनाच असतं. मी म्हटलं, सगळ्यांना असतं हे उत्तर नाही. माझ्या दुकानाचं वर्षाचं लोखंड त्या दीड टक्क्यात आलं असतं. शेवटी भाऊंनी निम्मी रक्कम साध्या मुदत ठेवीत ठेवली. निम्मी योजनेत टाकली, कारण मॅडमचं मन मोडायचं नव्हतं. आता मन मोडू नये म्हणून दीड टक्का देणारा माणूस तुम्ही दुसरा पाहिला आहे का? मी नाही पाहिला.

पण मी एका बाजूनं बोलणार नाही. भाऊंच्या छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा रविवार होता. नागपूरच्या दवाखान्यात पैसे भरायचे होते आणि पैसे ठेवीत अडकलेले. तेव्हा जी मॅडम होती तिनं सुटीच्या दिवशी ठेव मोडून दिली आणि स्वतः दवाखान्याच्या खिडकीशी उभी राहिली. मी तिथं होतो. आपल्या इथल्या शाखेत हे सोमवारी दुपारी झालं असतं. भाऊंच्या मुलीची परदेशातली फी एका दिवसात गेली. आणि परवा, तिसऱ्याच दिवशी, बँकेचा माणूस वारसाचे कागद तयार करून घरी आला. वहिनींना कुठं जावं लागलं नाही. इथल्या शाखेतलं भाऊंचं छोटं खातं आहे, त्याला अजून दोन साक्षीदार आणि शपथपत्र लागतं, कारण जुनी सही जुळत नाही. हे खरं आहे, म्हणून सांगतो.

मग खोट कुठं होती?

पाच वर्षांत भाऊंना चार मॅनेजर झाले. गुच्छवाली मॅडम वर्षभरात गेली. दुसरा मुलगा मुंबईला बदलून गेला. दवाखान्यातली मॅडम तिसरी. प्रत्येक नवा माणूस पहिल्या भेटीत विचारायचा, सर, आपला व्यवसाय काय? आणि भाऊ पहिल्यापासून सांगायचे. वडिलांची दोन एकर, मग कापसाची दलाली, मग जिनिंग, मग जुन्या गोदामाला लागलेली आग, मग नवं गोदाम. चौथ्या वेळी म्हणाले, "आता लिहूनच घ्या मॅडम, पुढच्याले कामी येईन."

इथल्या शाखेत भाऊंना असं कधी सांगावं लागलं का? तुमच्यातले निम्मे लोक साक्षीदार आहेत. जिनिंग चालू होती तेव्हा भाऊ बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बँकेत यायचे. साहेब केबिनमध्ये बोलवायचे, भाऊ जायचे नाहीत. टोकन घ्यायचे आणि बाकावर बसायचे. त्या बाकावर त्यांना कळायचं की कोणाचा कापूस भिजला, कोणाच्या पोरीचं जमलं, कोणाला मालाच्या पैशाचा चुकारा दोन दिवस आधी हवा आहे. मला म्हणायचे, "गज्या, बाजारात माणूस भाव सांगते, ब्यांकेत खरं सांगते." त्यांचा अर्धा धंदा त्या बाकावर झाला. मी हे पाहिलं आहे. धंदाच कशाला, तीन लग्नं जमली. एक जोडपं इथं बसलेलं आहे, नाव घेत नाही.

नागपूरचं खातं झालं आणि इथं काही कामच उरलं नाही. तरी पहिले काही महिने भाऊ येऊन बसायचे. टोकन न घेता. एक दिवस नवीन गार्ड होता. तो चांगल्या बोलीनंच म्हणाला, "काका, काय काम आहे?" भाऊंकडे सांगायला काम नव्हतं. ते उठले. त्यानंतर मी त्यांना त्या बाकावर पाहिलं नाही. हे मला भाऊंनी सांगितलेलं नाही. मी तिथं डिमांड ड्राफ्ट काढायला गेलतो, मी पाहिलं.

मग ते महिन्यातून एकदा नागपूरला जाऊ लागले. काम फोनवर होत होतं, जायची गरज नव्हती. इस्त्रीचा सदरा घालून जायचे. मी एकदा टोकलं, म्हटलं, भाऊ, डिझेल जाळून कायले जाता? म्हणाले, "कोणी बोलायले पाह्यजे ना बे." मी म्हटलं, मग मॅडम बोलते का? म्हणाले, "बोलते ना. अर्धा घंटा. मंग तिले दुसरं गिऱ्हाईक असते."

वहिनी, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ठेवीचा भाग राहू द्या, सोय चांगली आहे, उद्या तुमच्या दवाखान्याला लागेल. दीड टक्केवाली योजना आहे, तिच्यातून निघा. निघायला काही दंड आहे का ते सोमवारी आधी विचारा, उत्तर लिहून मागा. सही करण्याआधी प्रत्येक कागद मराठीत समजावून सांगायला लावा, दोनदा. मला बोलवा, मी येतो. आणि इथलं छोटं खातं मोडू नका. शपथपत्राचा त्रास सोसा. पेन्शन नसली तरी महिन्यातून एकदा काहीतरी काम काढून या. शोभावहिनी आल्या म्हटलं की इथं बाया सरकून जागा देतील.

आणि बाकी तिघांना सांगतो. पैसा असेल आणि रांगेचा कंटाळा असेल तर ते खातं फायद्याचं आहे. फी वाचून घ्या, मानपान मोजू नका, आणि खुशाल घ्या. भाऊंना रांगेचा कंटाळा कधीच नव्हता. हे त्यांना आधी कळलं नाही. मलाही नाही, आणि मी तर चार दिवस कागद वाचत बसलो होतो. कागदात ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

आता आपण उभे राहू. दोन मिनिटं. घड्याळ मी पाहतो, दोन म्हणजे दोन. पण त्याआधी एक गोष्ट आहे. वहिनी, ती तुम्हालाही माहीत नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी भाऊ माझ्या दुकानात आले. मी अँगल कापत होतो. मशीन बंद करायला लावली. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "गज्या, मी तुह्या नावानं पैसे टाकतो. व्याज तू खाय. मुद्दल मी मेल्यावर शोभाले देऊन देजो. फक्त खातं तिथं वर उघडू. महिन्यातून एक दिवस दोघं जाऊ. ते काजू एकट्यानं नाही खाल्ल्या जात."

मी म्हटलं, भाऊ, दुसऱ्याच्या पैशानं मिळालेल्या खुर्चीवर मी बसत नाही. आयुष्यात बसलो नाही. मला वाटलं, हे मला मोठा माणूस करायला निघाले आहेत. मला राग आला होता, आणि तो मी लपवलाही नाही. भाऊ हसले. पाणी मागून प्यायले. अँगलचा भाव विचारला, मी सांगितला, आणि ते गेले. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

त्यांना दुसरी खुर्ची भरायची होती, एवढंच. ते मला मंगळवारी कळलं.

त्या खोलीत बसायची अट पन्नास लाखांची होती. भाऊंनी वर एक लाख शगुनाचा धरला होता. मी नाही म्हणालो ती रक्कम एक्कावन्न लाख रुपये.