तेलाचा लाल दिवा

मोठा भाऊ : हात लावू नकोस गाडीला. एकदा लावलास तेवढं पुरे झालं.

धाकटा : इंजिन जाम झालंय दादा. आता मी आणखी काय बिघडवणार?

मोठा भाऊ : आधी बाबांनी, मग मी, एकवीस वर्षं एकच जाडं तेल घातलं. साडेतीन लाख किलोमीटर! कधी कुरकुर नाही. मी पंधरा दिवस दवाखान्यात काय पडलो, तू आलास आणि पातळ सिंथेटिक तेल ओतून गेलास. शहाणा!

धाकटा : तू बरा होऊन पुन्हा फेऱ्या सुरू करशील, तेव्हा गाडी नीट चालावी म्हणून घातलं.

मोठा भाऊ : कोणी मागितलं होतं?

धाकटा : तू जन्मात कधी काही मागितलंयस?

मोठा भाऊ : मिस्त्री, तुम्हीच सांगा याला. म्हाताऱ्या गाडीला असलं तेल मानवतं का?

मिस्त्री : मला मध्ये घेऊ नका, भाऊ.

मोठा भाऊ : नाही, सांगाच.

मिस्त्री : मग ऐका. तेल चांगलंच होतं. त्यानं आतला जुना गाळ धुऊन काढला. त्या गाळानंच गळतीच्या फटी बुजल्या होत्या, त्या मोकळ्या झाल्या. जुन्या गाड्यांत होतं असं. तेव्हाच आणली असती तर दोन रबरी सील बदलायचे, अर्ध्या दिवसाचं काम.

मोठा भाऊ : म्हणजे गळायला लागली ती याच्यामुळेच!

मिस्त्री : गळायला लागली. जाम झाली ती तेल संपलं म्हणून, याच्यामुळे नाही. मी ओढून आणायला आलो ना, तेव्हा गाडीखाली पत्र्याचा डबा होता. काठोकाठ भरलेला. एका दिवसाचं तेल नव्हतं ते.

धाकटा : दादा? किती दिवस गळत होतं?

मोठा भाऊ : झाला महिना.

धाकटा : आणि स्टिअरिंगसमोरचा तेलाचा लाल दिवा?

मोठा भाऊ : परवापासून लागत होता.

धाकटा : तरी चालवलीस? अरे, पोट आहे तुझं या गाडीवर!

मोठा भाऊ : चालवली! सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरतोस ना, दादाला काही कळत नाही, बाबांचंच धरून बसलाय म्हणून? म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते. एकदा कळू दे सगळ्यांना, कोणाला किती कळतं.

मिस्त्री : आपलंच नाक कापून दुसऱ्याला अपशकुन.

मोठा भाऊ : इंजिन जाईल असं नव्हतं वाटलं, मिस्त्री. वाटलं, रस्त्यात बंद पडेल, हा धावत येईल, मान खाली घालून उभा राहील.

धाकटा : आलोच की. उभाच आहे.

मिस्त्री : (डिकी उघडून) हा नवा डबा कोणाचा? तेच सिंथेटिक तेल दिसतंय. झाकणसुद्धा उघडलेलं नाही.

धाकटा : मीच ठेवला होता. कमी पडलं तर वरून घालायला.

मिस्त्री : कागद चिकटवलाय वर. ‘दादा, रोज सकाळी तेल बघत जा. गळायला लागलं तर फोन कर, मी येतो. रागावू नकोस.’

धाकटा : राहू द्या मिस्त्री. दिसला नसेल त्याला. डिकीत कोण बघतं?

मोठा भाऊ : वाचला होता मी.