अप्पांनी सरकवलेला दोरा

मंडळी, बसा. मागं उभे हायत त्यांनी पुढं या, सतरंजीवर लय जागा हाय.

महाराज म्हणाले, मारोती, अप्पांच्या आठवणीत तू दोन शब्द बोल. पण मला काय बोलावं ते सुचंना. मी बँडमधला माणूस. तोंडात फुंकायची नळी असली की बोलायचं काम पडत न्हाई. अन् आज तर डोक्यातच गोंधळ चालू हाय. शिवलिंगअप्पा लय चांगले होते, असं म्हणून मी खाली बसू शकतो. पण तेवढंच बोललो तर ते लपवल्यासारखं हुईल.

परभणीच्या पाव्हण्यांना ठाऊक नसंल म्हणून सांगतो. अप्पा फौजेत बॅगपाइप वाजवायचे. निवृत्त होऊन बोरीला आले अन् आमच्यासारख्या शेरडं-मेंढरं राखणाऱ्यांना गोळा करून बँड काढला. पहिल्यांदा आमी बॅगपाइपवाल्यांचे ते चौकड्यांचे घागरे नेसलो तर गाव पोट धरून हसलं. मग त्याच गावानं लग्नाची सुपारी दिली. मी वीस वर्षं त्यांच्या हाताखाली वाजवलं. अलीकडं मिरवणुकीच्या पुढं मीच असतो.

आता जे सांगतो ते नीट ऐका. दीड महिन्यामागं चुडाव्याच्या लग्नात, भर मांडवात, मी अप्पांना म्हणलो, "तुमचे कान गेलेत. माझ्या बाजाला हात लावत जाऊ नका." तुमच्यातले निम्मे तिथं होते. त्या दिवसानंतर अप्पा बँडमधी आले न्हाईत. अन् मागल्या आठवड्यात दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच न्हाईत. मी बोललो ते खरं होतं का खोटं? त्याच कोड्यात मी अडकलोय.

झालं काय, ते सांगतो. बॅगपाइपच्या पिशवीवर खांद्यावर तीन नळ्या असतात. त्या एकच सूर धरून असतात. प्रत्येक नळीच्या पोटात वेताची पत्ती, पत्तीला जीभ, अन् जिभेवर दोऱ्याचा वेढा. दोरा जिभेच्या मुळाकडं सारला की पत्ती उघडते, दम जास्त खाते. टोकाकडं सारला की दम कमी लागतो. पण मग जोरात फुंकलं की जीभ चिकटते अन् नळी मुकी होते. अप्पांनीच शिकवलेलं हे. प्रत्येक सुपारीच्या आधी सगळ्यांच्या पत्त्या तेच बघायचे. आमी कुणी हात लावत नव्हतो.

चुडाव्याला नवरदेव घोड्यावर बसला. मी ऐटीत पिशवी भरली, काखेत दाबली. अन् सगळ्यात लांब नळी बंद! पुन्हा भरली, पुन्हा बंद. लोक हसायले. मी नळी उपसून बघितलं, तर दोरा पार टोकाकडं सरकलेला. तिन्ही नळ्यांत तसंच. अन् नळ्या बाहेर ओढून बोटभर लांब केलेल्या. मला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकूच येईना, काहीबी करून ठेवायलाय. मग तोंड सुटलं माझं.

अप्पांनी काय केलं? नळी हातात घेतली, बघितली, परत दिली. एवढंच म्हणले, "मारोती, जरा हळू भर."

मी घरी येऊन तिन्ही दोरे जुन्या जाग्यावर नेले. पुढच्या सुपारीत बाजा असा कडाडला की बस! पण मारुतीच्या पाराजवळ यायच्या आत माझा दम संपला. वाटलं, पिशवी गळायली. नळ्यांची तोंडं बंद करून पिशवी फुगवून ठेवली. चहा पिऊन आलो तरी तशीच टम्म. पिशवीला छिद्र न्हाई. पत्ती चांगली. नळी चांगली. मग हवा जायली कुठं?

दोन वर्षांमागं मी छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात होतो, आठवतंय ना? बरा झालो, असं मी सगळ्यांना सांगितलं. बँडमधी पुढं उभं राहायचं म्हणल्यावर काय सांगणार? छाती अर्धीच राहिली, असं डॉक्टर म्हणले होते, ते घरातबी कुणाला सांगितलं न्हाई. पण त्यानंतर दोन वर्षं मी वाजवतच होतो की, मंडळी! अर्ध्या छातीवर कसा वाजवत होतो? हा प्रश्न मला एकदाबी पडला न्हाई.

परवा अप्पांच्या घरी काकूंना विचारलं, अप्पांना ऐकू येत होतं का? काकू म्हणल्या, "कमीच येत होतं रे. कानाचं मशीन आणलं होतं, कपाटातच पडलंय." झालं, माझा गोंधळ आणखी वाढला. कान कमी होते, तर तिन्ही नळ्या एका सुरात कशा होत्या? दोरा टोकाला नेला की सूर चढतो. म्हणून तर नळी लांब करायची, म्हणजे तो जाग्यावर येतो. चुकून झालं असतं तर ते जमलं असतं का? अन् मुद्दाम केलं, तर मला का न्हाई सांगितलं? मांडवात एवढा अपमान झाला, तरी का न्हाई बोलले? तेव्हा एक वाक्य बोलले असते, तर ते सुटले असते.

पण मग माझ्या छातीचं सगळ्यांना कळलं असतं.

मला नक्की ठाऊक न्हाई. विचारायला माणूस राहिला न्हाई. पण जे मी सगळ्यांसमोर बोललो, ते सगळ्यांसमोरच परत घ्यायला पाहिजे. चुडाव्याला होते त्यांनी नीट ऐका. पत्ती बिघडली नव्हती. अप्पा चुकले नव्हते. माझी छाती गेलेली हाय, अन् ती दोन वर्षं अप्पांनी झाकली. उद्यापासून मिरवणुकीच्या पुढं दुसरा कुणी उभा करा.

आता सगळ्यांनी उठून दोन मिनिटं शांत उभं राहा. मला जास्त वेळ उभं राहता आलं न्हाई तर बसंन. आता लपवायचं काही न्हाई.

अप्पा, हा शेवटचा नमस्कार. शरणार्थ.