नाव नसलेली बटणं

हॅलो?… हं, बोल दादा… हो, तुझीच साइट तपासतेय, हॉस्पिटलची… माहितेय. मी पास केल्याशिवाय ते तुला पुढचं काम देणार नाहीत… हो, तुझं नाव बघूनच घेतली तपासायला.

घरचीच? अरे, घरची म्हणूनच तर सांगितलं होतं तेव्हा! नियमाप्रमाणे प्रत्येक बटणाला नाव दे, एका दुपारचं काम आहे… हो, हो, आठवतंय. ‘आंधळे येऊन येऊन किती येणार? नियम पाळत बसलो तर साइट म्हातारपणी पूर्ण होईल.’ जेवताना सगळे हसले होते. बाबासुद्धा. तेव्हा त्यांना दिसत होतं…

नाही, चिडले नाहीये. ऐक ना… साइट उघडी आहे समोर? मग माऊस बाजूला ठेव. तो स्क्रीन रीडर लाव, पडद्यावरचं बोलून दाखवणारा. आणि डोळे मीट… खेळ कसला? पास व्हायचंय ना? मग डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेऊन दाखव… मिटलेस? खरंच?… टॅब दाब. काय म्हणाला?… ‘बटण’. पुढे जा… ‘बटण’. आणखी पुढे… अरे, मला काय विचारतोस, साइट तुझी!… मग दाब कुठलंतरी. अंदाजाने. दाब की… घाबरतोस कशाला?

दाबलंस?… नाही, डोळे उघडू नकोस. आधी सांग, अपॉइंटमेंट मिळाली का?… माहीत नाही. बरोबर. त्यांनाही माहीत नव्हतं.

बाबांना, दादा. तुझ्या काकांना… नजर गेली तरी स्वतःचं स्वतः करायचा हट्ट, तू पाहिलायस. मी ऑफिसात होते. अपॉइंटमेंट मिळालेली होती, किती वाजता तेवढंच बघायचं होतं त्यांना. तुझ्या याच साइटवर दाबलं गेलं ‘रद्द करा’… नाही ना, कुणालाच कळलं नाही! इस्त्रीचा शर्ट घालून निघाले दुसऱ्या दिवशी. खिडकीवरची बाई म्हणाली, तुम्हीच रद्द केलीय, आता पुढच्या आठवड्यात या… नाही. पुढचा आठवडा नाही लाभला त्यांना.

काय?… तुझ्यामुळे?

नाही, तसं म्हणत नाहीये मी. हृदय त्यांचंच थकलं होतं, डॉक्टरही तेच म्हणाले. तुझ्यामुळे गेले, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. बटणांना नावं नाहीत, नापास. एवढंच लिहिलंय…

संध्याकाळपर्यंत करून देतोस? बघ. म्हणजे होत होतं… थांबू? कशासाठी? अहवाल गेला, दादा. तू डोळे मिटून टॅब दाबत होतास ना, तेव्हाच पाठवला.

काय?… काकूला? आई समोरच बसलीय… नाही, तुझं काही ऐकू गेलं नाही तिला. माझंच ऐकलं, तेवढं पुरलं… थांब, देते…

नाही घेत, दादा. हात मागे घेतला तिने. ठेवते.